व्हेगा कॅमबॅक अपडेट : मडगार्ड एकदाचे बसले

मंडळी, मध्ये बरेच दिवस काही टाकलं नाही कारण दाखवण्यासारखं होतं काय, नुसता गंज. पण आता मी दुरुस्त करतोय त्या १९७२ च्या शेवरोले व्हेगाचे (कॅमबॅक म्हणजे तिची वॅगन बॉडी) पुढचे दोन्ही मडगार्ड बसलेत आणि बॉनेटची गॅप पण बऱ्यापैकी जुळलीये.

व्हेगा पाळणाऱ्यांना माहितीच आहे की ही गाडी पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्याशी, मडगार्डच्या वरच्या कडेला सडते. फॅक्टरीत बॉडी गंजरोधक टाकीत बुडवायचे तेव्हा नेमकी तिथे हवा अडकायची, कोटिंग पोचायचंच नाही, वर खर्च वाचवायला आतलं प्लास्टिक लायनर गाळलेलं. म्हणजे चाकाने उडवलेला चिखल थेट उघड्या पत्र्यावर, आणि आमच्या ओहायोत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात ते वेगळंच. माझ्या गाडीचा रंग वरून ठणठणीत दिसत होता, पण स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवला तर आरपार गेला आणि खाली चहापत्तीसारखा चुरा पडला. सडका भाग कापून नवा पत्रा वेल्ड केला, पुट्टी अगदी नावाला.

एक बरंय, पुढचा भाग चारही बॉडीत सारखाच, त्यामुळे मडगार्ड हॅचबॅकचा मिळाला तरी चालतो. नॉचबॅक (मागे वेगळी डिकी असलेली) सेडान, हॅचबॅक, कॅमबॅक वॅगन आणि मागे खिडक्याच नसलेली पॅनल एक्सप्रेस, सगळ्या दोन दरवाज्यांच्या, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) ९७ इंच. खपली सगळ्यात जास्त हॅचबॅक, म्हणून पार्ट पण तिचेच मिळतात. पण मला विचाराल तर देखणी कॅमबॅकच, छप्पर सरळ मागे जातं आणि शेपूट एकदम छाटल्यासारखं. वरती उघडणारा मागचा दरवाजा, सीट पाडली की सामान मावतं भरपूर. १९७४ पासून पुढे-मागे ते जाडजूड बंपर आले आणि नाकाचा शेपच गेला, म्हणून मी मुद्दाम जुनी शोधत होतो.

इंजिन अजून मशीन शॉपमध्येच. २.३ लिटरचा ॲल्युमिनियम ब्लॉक, त्यात लोखंडी स्लीव्ह (सिलिंडरच्या आतलं अस्तर) नाहीत, पिस्टन डायरेक्ट ॲल्युमिनियमवर घासतो आणि वर हेड मात्र बिडाचं! गरम झालं की ब्लॉक वाकडा, मग ऑइल प्यायला सुरुवात. मी स्लीव्ह घालून घेतोय, ओरिजिनलवाले नाकं मुरडतील तर मुरडोत, मला गाडी चालवायचीये. वॉटर पंप टायमिंग बेल्टवरच फिरतो आणि बेल्टचा ताणही त्याच्यावरच सेट होतो, तेव्हा दोन्ही नवेच टाकणार.

बाय द वे, काच धुण्याच्या पाण्याची वॉशरची बाटली तिरकी का बसवलीये असं मागे कोणीतरी विचारलं होतं. ओहायोतल्या लॉर्ड्सटाउनच्या कारखान्यातून या गाड्या रेल्वेच्या डब्यात नाक खाली करून उभ्या टांगून जायच्या, एका डब्यात ३०! पाणी सांडू नये म्हणून बाटली तिरकी, ऑइल पहिल्या सिलिंडरमध्ये उतरू नये म्हणून इंजिनात बॅफल (ऑइल अडवणारा आडपडदा), बॅटरीची झाकणं पण मागच्या कडेला. एवढं डोकं वाहतुकीत लावलं, त्यातलं थोडं मडगार्डात लावलं असतं तर...

आता मागच्या दरवाज्याचं रबर राहिलंय. कॅमबॅकचं वेगळं येतं, हॅचबॅकचं बसत नाही. कोणाकडे असेल किंवा कुठे मिळतं माहिती असेल तर सांगा, पार्सलचे पैसे मी देईन.