चार ओळींची जागा

"मराठीच्या आहात ना, मग तुम्हीच बघा," एवढ्या एका वाक्यावर विद्यापीठाचं साप्ताहिक वार्तापत्र माझ्या गळ्यात पडलं. त्याला आता नऊ वर्षं होतील. पानं चार. पहिल्यावर कार्यक्रम, शेवटच्यावर निवृत्ती, निधन आणि पुढच्या आठवड्याच्या सूचना. मधली दोन पानं 'प्राध्यापकांची भरारी'. सदराचं हे नाव माझ्या आधीच्या सरांनी ठेवलं. कुणी खाली उतरल्याची बातमी आजवर एकही आलेली नाही.

बातम्या गुरुवारपर्यंत द्यायच्या असतात, म्हणून त्या शुक्रवारी दुपारी येतात. आमच्या बातम्यांत कुणी काही करत नाही. निवड होते, नियुक्ती होते, पदवी प्रदान करण्यात येते. वाक्यातून कर्ता कसा गायब करायचा हे शिकवायचं असलं की मी वर्गात जुने अंक घेऊन जाते. कार्यक्रम कधी नुसता होत नाही, उत्साहात संपन्न होतो. एकदा मी 'कार्यशाळा झाली' असं साधं लिहिलं, तर विभागातून फोन आला, "मॅडम, संपन्न राहिलं."

फोटो हे वेगळंच प्रकरण. अकरा माणसं आणि एक प्रमाणपत्र. सत्यनारायणाला यजमानाच्या हाताला सगळं घर हात लावतं, तसे सगळे त्या कागदाला हात लावून उभे. अलीकडे फोटोखाली अक्षांश-रेखांश, तारीख आणि वेळही छापलेली असते, कारण नॅकच्या, म्हणजे विद्यापीठांना श्रेणी देणाऱ्या संस्थेच्या, फायलीला जिओ-टॅग केलेले फोटो लागतात. त्यामुळे आमच्या सभागृहाचे अक्षांश-रेखांश मला तोंडपाठ आहेत. घराचे अजून माहीत नाहीत.

सुरुवातीला वाटायचं, एवढ्याशा चौकटीसाठी माणसं इतका जीव का टाकतात? 'सहयोगी प्राध्यापक'चं चुकून 'सहायक' झालं तर मंगळवारी शुद्धिपत्र, तेही ठळक टायपात. मग एकदा प्राध्यापकांच्या नेमणुका-बढत्यांसाठी गुण ठरवणारी विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१८ ची नियमावली मुळातून वाचली आणि बराच उजेड पडला. परदेशातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत निमंत्रित व्याख्यान दिलं तर ७ गुण. परिषद आंतरराष्ट्रीयच, पण भारतात भरलेली असेल तर ५. राष्ट्रीय असेल तर ३. आमच्याकडच्या प्रत्येक परिषदेला 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द का चिकटतो, आणि पडद्यावर एखादे परदेशस्थ पाहुणे वीस मिनिटं अडखळत का दिसतात, ते तेव्हा कळलं. वाईट नाही वाटलं. बाजारभाव कळल्यावर भाजीवाल्याचा राग जातो, तसं झालं.

त्याच तक्त्यात शोधनिबंधाला विज्ञानात ८ गुण आहेत आणि भाषा, मानव्यविद्यांत १०. दोघांनी मिळून लिहिला तर प्रत्येकाला ७० टक्के, म्हणजे एकाच निबंधाचे १४० टक्के होतात. संसार दोघांनी केला की काम दुप्पट होतं असं माझी आजी म्हणायची. आयोगाने सव्वापटीच्या जरा पुढे नेऊन ठेवलंय. आणि अख्ख्या पुस्तकाचा अनुवाद? ८. आमच्या विभागातल्या एका बाईंनी पाच वर्षं खपून चारशे पानांची कन्नड कादंबरी मराठीत आणली. माझा दहा पानांचा निबंध त्यांच्या कादंबरीपेक्षा दोन गुणांनी जड. हे मी त्यांना सांगितलेलं नाही. त्यांना ठाऊक असणारच.

आपल्याकडे शैक्षणिक यशाची बातमी कधी काळी नावाचाच भाग होऊन जायची. दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत आणखी एका विद्यार्थ्याबरोबर पहिले आले, सीनियर रँग्लर झाले. पुढे ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, लखनौ आणि पुणे विद्यापीठांचे कुलगुरू झाले, ऑस्ट्रेलियात भारताचे उच्चायुक्तही झाले. पण मराठी माणसाने त्यांना शेवटपर्यंत 'रँग्लर परांजपे'च म्हटलं. परीक्षेचा निकाल इतका अंगाला लागलेला माणूस विरळा. केंब्रिजने १९०९ नंतर ती क्रमवार यादी जाहीर करणंच थांबवलं, आपण मात्र रँग्लर हा शब्द पुढेही पुरवून पुरवून वापरला. केंब्रिजचंही एक वार्तापत्र आहे, १८७० पासून चालू. त्यातही सहायकचं सहयोगी होत असेल का, असा विचार मनात येतो आणि बरं वाटतं.

परांजप्यांच्या नावाने फर्ग्युसनमध्ये गणिताचं एक पारितोषिक होतं. १९२७ साली ते दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर नावाच्या विद्यार्थ्याला मिळालं. आमच्या सदरात शोभली असती अशी ही त्यांची एकच बातमी. कापरेकर पुढे बी.एस्सी. झाले आणि देवळालीला शाळामास्तर म्हणून गेले ते १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच. एम.ए. नाही, डॉक्टरेट नाही. संख्यांशी खेळायचे. एका जातीच्या संख्यांना त्यांनी 'देवळाली संख्या' असं आपल्या गावाचंच नाव देऊन टाकलं. स्वतःच्या खर्चाने पुस्तिका छापायचे. आजच्या तक्त्यात त्या पुस्तिकांना रकाना नाही.

त्यांची ६१७४ ही संख्या (तिचा खेळ पुढे येतोच) १९४९ मधली. गणिताच्या गमतीजमती लिहिणारे अमेरिकी लेखक मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात कापरेकरांविषयी लिहिलं १९७५ साली, आणि मग जगाला ते माहीत झाले. मधे सव्वीस वर्षं गेली. शुक्रवारच्या हिशेबाने तेराशेहून अधिक अंक, आणि यातल्या कुठल्या शुक्रवारी ती बातमी द्यायला हवी होती, हे मला संपादक म्हणून अजून ठरवता आलेलं नाही.

हे सगळं डोक्यात येण्याचं कारण अगदीच किरकोळ. गेल्या महिन्यात तिसऱ्या पानाच्या तळाशी चार ओळींची जागा उरली. एका सरांनी आपली बातमी ऐन वेळी मागे घेतली होती. पारितोषिक मिळालं होतं, पण ते देणाऱ्या संस्थेने आधी नोंदणी शुल्क घेतलं होतं, असं कुणीतरी कुजबुजलं म्हणे. एरवी अशा जागेत मी सुविचार टाकते. त्या दिवशी सुविचारांचा कंटाळा आला होता. मी लिहिलं: 'कोणतीही चार आकडी संख्या घ्या. तिचे अंक आधी उतरत्या, मग चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा. उत्तरावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ येईल. (द. रा. कापरेकर, देवळाली)'

छपाईला देण्याआधी मीच १९४९ घेऊन बघितलं. ९९४१ वजा १४९९, ८४४२. मग ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि ६१७४. बरोबर सात पायऱ्या. जास्तीत जास्त सात म्हटलं तर त्यांच्या स्वतःच्या सालालाच साती लागल्या. मी शाळकरी मुलीसारखी खूश होऊन शेजारच्या टेबलाकडे बघितलं. तिथे मस्टर बंद करून सगळे कधीच घरी गेले होते.

प्राध्यापकांपैकी कुणाचा फोन आला नाही. सोमवारी पार्किंगमधून येत होते, तर फाटकावरच्या सुरक्षारक्षक काकांनी हाक मारली. आत येणाऱ्या गाड्यांचे नंबर ते एका लांबट वहीत लिहितात. त्या वहीच्या समासात पेन्सिलने बारीक वजाबाक्या केलेल्या होत्या. पानामागून पान.

"मॅडम, तुमचं ते खरं आहे. सगळ्या गाड्या येतात सहा हजार एकशे चौऱ्याहत्तरवर. तुमची स्कूटर चारमध्ये आली."

"अरे वा! सगळ्या?"

काकांनी इकडेतिकडे बघितलं आणि वहीचं मागचं पान उघडलं. पहिल्या पानावर ज्यांचा शाल-श्रीफळाचा फोटो होता, त्या प्रमुख पाहुण्यांच्या गाडीच्या नंबरावर त्यांनी बोट ठेवलं. ११११.

"ही एकच नाही येत. हिला पहिल्याच फटक्यात शून्य."