स्वेटर होईपर्यंत केस बदलतात

माझ्या केसांत बहुतेक वेळा एक सुई खोचलेली असते. शिवणाची नव्हे, विणकामाची. दोन्ही टोकं निमुळती असलेली, पायमोज्यांच्या संचातली. आंबाडा जागच्या जागी धरून ठेवायला तिच्याइतकं सोयीचं दुसरं काही मला मिळालेलं नाही. विणकामाची पिशवी उपडी केली तर तिच्यातून केसांचं सामान पडतं. सुयांच्या टोकांना रबर बँड गुंडाळला की पिशवीत टाके ओघळत नाहीत. यू-पिन सुटलेला टाका धरून ठेवते. पाठ आणि पोट जोडायला घेतलं की कडा जुळवून धरायला केसांचे चाप टाचण्यांपेक्षा बरे, कारण टाचण्या लोकरीत शिरून गडप होतात आणि पुढे कुणाच्या तरी काखेत सापडतात. घरात कुणी "माझा चाप कुठाय?" असं ओरडलं की मी गुपचूप अर्धवट बाहीकडे बघते.

दोन्हीकडच्या सामानाची अदलाबदल होते यात नवल नाही. लोकर म्हणजे तरी काय, मेंढीचे केसच. आपल्या डोक्यावर असतं तेच केराटिन नावाचं प्रथिन तिच्या अंगावर असतं. फरक जाडीचा आणि खवल्यांचा. मेरिनो जातीच्या मेंढीच्या बारीक लोकरीचा तंतू वीस मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या वीस हजारांशांच्या, आसपास असतो, आपला केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन. लोकरीवरचे खवले जास्त उठावदार असतात, म्हणून गरम पाण्यात चोळलेला स्वेटर आटून नमदा होतो. आपले केस तितके आटत नाहीत, पण मानेवर लोकरीची कॉलर आणि त्यावर मोकळे लांब केस अशी दिवसभर घासाघीस झाली की संध्याकाळी मानेपाशी जो गुंता सापडतो, तो सोडवताना नातं पटतं.

खरी गंमत पाण्यात आहे. जुना स्वेटर उसवला की सुटणारी लोकर सरळ नसते. प्रत्येक टाक्याचा बाक तिने लक्षात ठेवलेला असतो, आणि हातात येतो तो बारीक लाटांचा एक फुगलेला ढीग. तशीच पुन्हा विणायला घेतली तर वीण खडबडीत येते. म्हणून तिची लडी करायची, चार ठिकाणी सैल बांधायची, कोमट पाण्यात भिजवायची आणि टांगून वाळवायची. वाळली की शहाण्यासारखी सरळ. आता रात्री ओल्या केसांची घट्ट वेणी घालून झोपा. सकाळी सोडलीत तर पाठीवर त्याच लाटा. पुन्हा धुतलेत की गेल्या.

कारण दोन्हीकडे एकच. केराटिनचे रेणू एकमेकांना ज्या बंधांनी धरून असतात त्यांतले हायड्रोजन बंध पाणी लागलं की सुटतात, आणि वाळताना तंतू ज्या आकारात असेल त्या आकारात पुन्हा जुळतात. विणून झालेला स्वेटर भिजवून, टॉवेलमध्ये दाबून, मापात ताणून सपाट वाळवायचा असतो तो याच भरवशावर. जाळीची शाल सुईवरून उतरते तेव्हा इतकी चुरगळलेली आणि केविलवाणी दिसते की एवढे महिने आपण हेच विणत होतो का, असं वाटतं. ओली करून पिना लावून ताणली की तीच शाल देखणी होते. पार्लरमधली ती गोल ब्रश आणि ड्रायर घेऊन झटणारी मुलगी आपल्या डोक्यावर वेगळं काही करत नसते. म्हणून मी तिच्याकडे नेहमी धंदेबंधूच्या नजरेने बघते.

केराटिनमधले दुसरे बंध गंधकाचे. ते पाण्याला दाद देत नाहीत. कायमचे कुरळे किंवा कायमचे सरळ करायचे तर रसायनं लावून तेच तोडावे आणि पुन्हा जोडावे लागतात. कार्ल नेसलर नावाच्या जर्मन केशकाराने लंडनमध्ये १९०६ च्या सुमारास हे यंत्राने करून दाखवलं. केस पितळी रुळांवर गुंडाळायचे, त्यांना क्षार लावायचा आणि तापवायचं, असा तासन् तास चालणारा प्रकार होता. त्याचे पहिले प्रयोग बायकोच्या डोक्यावर झाले आणि त्यात तिचे केस जळले, असं सांगतात. नमुना विणून न बघता थेट स्वेटरला हात घातला की असंच होतं. फक्त इथे स्वेटर दुसरीचा होता.

नमुन्याचं हे पुराण न विणणाऱ्यांना कधी पटत नाही. ज्या लोकरीचा आणि ज्या सुयांवर स्वेटर करायचा, त्यांवर आधी दहा-पंधरा सेंटिमीटरचा तुकडा विणायचा, धुवायचा, वाळवायचा आणि मग पट्टी लावून दहा सेंटिमीटरमध्ये किती टाके बसले ते मोजायचं. हिशेब बावीस टाक्यांचा असेल आणि हात सैल असल्याने वीसच बसले, तर कागदावर विशेष काही बिघडत नाही. पण २२० टाक्यांच्या स्वेटरचा घेर १०० सेंटिमीटरऐवजी ११० होतो. तो मग अंगात घातलेला वाटत नाही, अंगावर टांगलेला वाटतो. म्हणून विणणारे लोक काटेकोर असतात. चाळीस ओळी खाली एक टाका सुलटच्या जागी उलट पडलेला दिसला, तर त्यांना झोप लागत नाही. "कोण बघतंय?" असं घरचे म्हणतात. आपण बघतोय ना!

आणि हीच मंडळी पार्लरच्या खुर्चीत बसली की काय होतं?

"किती कापू?"

"दोन बोटं."

बस्स. कुणाची बोटं, ओल्या केसांवर की कोरड्या, काही विचारपूस नाही. कुरळे केस वाळले की आणखी वर चढतात हे माहीत असतं, तरी नाही. जाळीकाम करताना दर काही ओळींनी टाक्यांतून वेगळ्या रंगाचा दोरा ओवून ठेवतात. चुकलंच तर तिथपर्यंत उसवता यावं, तिथे टाके थांबावेत. अशी खबरदारी घेणारी बाई एका दुपारी कुणाला न सांगता कंबरेइतके केस मानेवर आणून घरी येते. मी विणणाऱ्या ज्या बायका जवळून पाहिल्या, त्यांच्यात ही खोड बऱ्याच जणींना आहे. स्टेप कट, ब्लंट, बॉबकट, मग एकदम बॉयकट, मग "आता वाढवते" असं जाहीर करणं, आणि वाढत असताना मधल्या त्या कुठल्याच क्लिपमध्ये न बसणाऱ्या लांबीला कंटाळून पुन्हा कात्री.

यावर माझं एक मत आहे. स्वेटर हा प्रकार फार हळू होतो. दहा सेंटिमीटरमध्ये बावीस टाके आणि तीस ओळी धरा. शंभर सेंटिमीटर घेराचं आणि साठ सेंटिमीटर उंचीचं नुसतं धडच चाळीस हजार टाक्यांच्या आसपास जातं. बाह्या धरल्या की पन्नास हजारांच्या पुढे. प्रत्येक टाका हाताने, एकेक. इतका धीर एका बाजूला खर्च झाला की दुसरीकडे कुठे तरी तो संपणारच. काहीतरी तासाभरात पूर्ण झालेलं बघायची भूक लागते. ती भागवायला सगळ्यात जवळचे तंतू कुठले, तर डोक्यावरचे. तेही लाखभर, आयते, लोकर आणायला जायला नको. बिघडलंच तर महिन्याला एक ते सव्वा सेंटिमीटर या गतीने माल पुन्हा तयार होतोच आहे.

पण हीच गती विणकामाच्या मुळावर येते. चार महिने चाललेल्या स्वेटरच्या काळात केस चार-पाच सेंटिमीटर वाढतात. कपाळावरची झुलपं डोळ्यांत यायला एवढे पुरे. म्हणजे माप घेतलं त्या दिवशीचं डोकं आणि स्वेटर घालायच्या दिवशीचं डोकं ही दोन वेगळी डोकी असतात. लांब केस मोकळे सोडणाऱ्या बाईला उंच गळा नको असतो. तिचे केसच तिचा मफलर. तिने केस कापले की पहिल्याच गार वाऱ्यात मान उघडी पडते आणि तिला उंच गळा हवाहवासा होतो. तोवर इकडे गोल उघडा गळा टाके बंद करून तयार. पाठीवर मी हौसेने काढलेली वेणीची वीण वर्षभर एका जाड खऱ्या वेणीखाली झाकलेली होती. केस गेले तेव्हा लोकांना ती पहिल्यांदा दिसली आणि त्यांनी विचारलं, "नवीन का?"

वेणीच्या विणीबद्दल एक सांगायलाच हवं. नऊ टाक्यांचे तीन पेड करायचे, एकदा उजवीकडचे तीन टाके समोरून ओलांडायचे, काही ओळींनी डावीकडचे. बोटं नकळत केसांचाच हिशेब करत असतात. केस वेणीत घेतले की लांबीला कमी भरतात. विणीत मात्र कापड रुंदीला आवळतं, त्यामुळे वेण्यांच्या स्वेटरला साध्या स्वेटरपेक्षा जास्त टाके घालावे लागतात. ते न घालता केलेला स्वेटर पुढे घरातल्या सगळ्यात लहान माणसाला मिळतो.

टोपीचं तर विचारूच नका. टोपी डोक्याच्या मापाने विणतात हा गैरसमज आहे. डोक्याचा घेर छप्पन्न सेंटिमीटर असेल तर टोपी त्याहून चार-पाच सेंटिमीटर कमीच विणायची, ताणून बसते, इथवर ठीक. पण त्या छप्पन्नमध्ये केस किती? माथ्यावर बुचडा बांधणारीला टोपी उंचीला हवी असते. तिने बॉयकट केला की तीच टोपी घसरून भुवयांवर येते. कुरळ्या, दाट केसांवर घट्ट बसलेली टोपी केस सरळ करून घेतल्यावर कानांवर डोलायला लागते. लहान बाळाचं टोपडं त्या मानाने बरं. तिथे निदान टोपडं लहान होण्याचं कारण केस नसतात.

टोपी आणि केसांच्या या झटापटीत टोपी जिंकल्याचेही प्रसंग आहेत. १९२० च्या दशकात घंटेच्या आकाराच्या, डोक्याला चिकटून बसणाऱ्या क्लोश टोप्यांची लाट आली. त्या आंबाड्यावर नीट बसतच नसत, त्यामुळे बॉबकटला आणखी एक निमित्त मिळालं. कोको शनेल या फ्रेंच फॅशन डिझायनरने स्वतःचे केस आखूड केले ते त्याच्या थोडं आधी, आणि जर्सी बायकांच्या कपड्यांत आणली तीही त्याच सुमारास. जर्सी म्हणजे यंत्रावर विणलेलं कापड, तोवर पुरुषांच्या आतल्या कपड्यांना वापरलं जाणारं. आखूड केस आणि ताणलं जाणारं विणलेलं कापड एकाच वेळी आले हे मला फार पटतं. दोन्हींत हात वर करून सहज वावरता येतं.

दुसऱ्या महायुद्धात उलट झालं. कारखान्यांत यंत्रांवर बायका आल्या आणि मोकळे केस यंत्रात अडकायची भीती निर्माण झाली. एका डोळ्यावर केस सोडण्याची फॅशन ज्या नटीमुळे पसरली होती, त्या व्हेरॉनिका लेकला अमेरिकन सरकारच्या सांगण्यावरून केस वर बांधून दाखवावे लागले. केस आत कोंडून ठेवायला क्रोशाने विणलेल्या जाळ्या बायका वापरत. एका संध्याकाळी होणारं, उरल्यासुरल्या सुतातून निघणारं आणि खरोखर उपयोगाचं असं हे काम. इतकं देखणं विणकाम पुन्हा चलनात यावं असं मला मनापासून वाटतं.

आणि त्याच्याही कितीतरी आधी, १५७१ मध्ये, इंग्लंडात चक्क कायदा झाला होता. काही वर्गांना सूट होती. ते सोडून सहा वर्षांवरच्या सगळ्यांनी रविवारी आणि सणाच्या दिवशी देशात तयार झालेली विणलेली लोकरी टोपी घालायची, नाहीतर दंड. टोप्या विणणाऱ्यांचा धंदा टिकावा हा हेतू. १५९७ मध्ये तो रद्द झाला. फॅशन बदलली की कायद्याचंही चालत नाही, तिथे मावशी-आत्यांचं काय चालणार?

विणताना आपले केस गळतात. रोज पन्नास ते शंभर गळतातच, त्यांतला एखादा टाक्यांबरोबर विणला जातो आणि पुढच्या ओळीत पक्का होतो. तो उपटून काढायला जाऊ नये, लोकर ओढली जाते. बरेच महिने रखडलेल्या एका स्वेटरच्या खालच्या पट्टीत मला लांब, रंगवलेला, तांबूस केस दिसला होता. मुंढ्यापाशी आखूड काळा. खांद्यावर बोटभर लांबीचा पांढरा. ज्याच्यासाठी विणला त्याला मी हे सांगितलेलं नाही. लोक स्वेटर आनंदाने घेतात, पण त्यात कुणाचा केस आहे म्हटलं की चेहरा बदलतो. मेंढीच्या लाखो केसांबद्दल मात्र तक्रार नसते.

सध्या सुयांवर भाचीची टोपी आहे. तिला पोनीटेल बाहेर काढायला माथ्यावर भोक असलेली टोपी हवी आहे. करायला सोपी. वरचे टाके कमी करत जाऊन आवळायचे, तिथे ते मध्येच थांबवून आत एक रबर बँड घालून बंद करायचे. मी तिला बजावलं, टोपी होईपर्यंत केसांना कात्री लावायची नाही. तिने मोबाइलवरून मान वर केली. "किती दिवस लागतील?" मी म्हटलं, बघू, मध्ये एक मोजा आहे, त्याचा दुसरा पाय राहिलाय, आणि एका शालीची शेवटची पट्टी.

"मावशी, माझी शनिवारी पार्लरची वेळ ठरलीये," ती म्हणाली, "तू असं कर ना, ते भोक बंदच करून टाक."