आमची वाटचाल: चिवडा, चकली आणि खात्यातला पैसा

२००९ साली नाशिक रोडला राहत्या घराच्या ओट्यावर थोरल्या जाऊबाईंनी आणि मी काम सुरू केलं. माईंचा (त्यांना सगळे माईच म्हणतात) हात चिवड्याला आणि भाजणीच्या चकलीला, माझ्याकडे हिशेब आणि माणसं. आधी भिशीतल्या बायका, मग शाळेतल्या बाई, मग दिवाळीचे डबे, मग गाळा. आता पार्सलं पुण्या-मुंबईला आणि बंगळुरूलाही जातात. असा प्रवास खूप जणींचा असतो, त्यात फार रमत नाही. मला लिहायचंय ते पैशाच्या बाजूबद्दल. माल चोख असूनही धंदा बसू शकतो, हे आम्हाला त्या बाजूनेच दिसलं.

नोटाबंदीपर्यंत सगळं रोख किंवा उधारी. नोव्हेंबर २०१६ नंतर गिऱ्हाईकच मोबाइल पुढे करू लागलं. काउंटरवर क्यूआर लागला आणि काही दिवसांत 'पैसे पाठवलेत'चे बनावट स्क्रीनशॉटही आले. हिरवी खूण, आमचं नाव, रक्कम, सगळं हुबेहूब. खात्यात मात्र शून्य. पुढे रक्कम बोलून दाखवणारा साउंडबॉक्स आला तेव्हा सुटलो. पोरींना सांगून ठेवलंय, डबा बोलला की मगच पुडा द्यायचा. शटर उघडलं की क्यूआरचं स्टिकरही बघायचं, वर दुसरं कुणी चिकटवलेलं नाही ना.

देवळाली कॅम्प जवळ, त्यामुळे लष्करातलं गिऱ्हाईक आम्हाला नवं नाही. एकदा हिंदीत बोलणाऱ्या माणसाचा फोन आला. व्हॉट्सॲपवर वर्दीतला फोटो, ओळखपत्र, आणि युनिटच्या कार्यक्रमासाठी चाळीस किलो चिवडा हवा. भाव सांगितला तर घासाघीस नाहीच. माईंच्या भुवया तिथेच वर गेल्या. मग म्हणे, आर्मीचं पेमेंट उलटं असतं, आधी तुम्ही पाच रुपये पाठवा, लगेच दहा परत येतील. पाचाचे दहा खरंच येतात, माणूस निर्धास्त होतो, आणि पुढचा क्यूआर पूर्ण रकमेचा असतो. तो स्कॅन करून पिन टाकला की पैसे आपलेच जातात. यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही. माईंनी शांतपणे विचारलं, "कुठल्या गेटला आणू? माल उतरवून घ्या नि पैसे हातात द्या." फोन कट.

पैसे गेले नव्हते, तरी तो नंबर आम्ही सरकारच्या संचार साथी या संकेतस्थळावरच्या 'चक्षू'त कळवला. ही सोय मार्च २०२४ पासून आहे आणि नुसता प्रयत्न झाला असेल तर तिथे कळवायचं. पैसे गेले असतील तर मात्र थेट १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी फोन नंबर.

त्या १९३०चं मोल कळलं ते एका दिवाळीत. आमच्या नावाचं नेटवर बनावट पान निघालं. फोटो आमचेच, चकली पाडणारा माईंचा हात हिरव्या बांगड्यांसकट. भाव निम्मा, पैसे सगळे आधी, खातं भलत्याचंच. वसुबारसेच्या सुमाराला "आमचा डबा कुठाय?" असे फोन सुरू झाले. कल्याणच्या एक काकू तर रडकुंडीला आल्या होत्या. मी म्हटलं, "काकू, मला नंतर ओरडा, आधी १९३० लावा." पैसे गेल्याची वेळ, बँक, व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक (यूटीआर), समोरचा यूपीआय आयडी, सगळं त्यांच्याकडून फोनवरच लिहून काढवलं. चॅट पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा, आणि सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इनवर तक्रार पुरी करा, हेही सांगितलं. तोवर पैसा या खात्यातून त्या खात्यात पळत असतो, बरीचशी खाती भाड्याने घेतलेली. ज्या बँकेत सापडेल तिथे तो रोखतात. एटीएममधून निघाला की हाती लागणं कठीण. काकूंनी दोन दिवस आधी भरले होते, त्यांचे थोडेच अडकवता आले. ज्यांनी त्याच सकाळी भरले होते, त्यांचं बरंच वाचलं. आमच्याकडे छदाम आला नव्हता, तरी काकूंना एक डबा गेला. माईंना राहवलं नाही.

खरा मनस्ताप पुढेच होता. एके दिवशी आमचंच चालू खातं गोठलं. कुणाचे तरी लुबाडलेले पैसे तीन-चार खाती फिरून आले होते आणि त्यातूनच आमच्याकडच्या फराळाचं बिल भरलं गेलं होतं. परराज्यातल्या पोलिसांचं पत्र, त्यामुळे बँक म्हणे आमच्या हातात काही नाही. त्या ठाण्याचा फोन कुणी उचलेना. रक्कम एका बिलाएवढी, पण शेंगदाणेवाल्याचे पैसे आणि बायकांचे पगार, सगळंच अडकलं. बिल, कुरिअरची पावती, व्हॉट्सॲपवरची ऑर्डर जोडून तपास अधिकाऱ्याला ईमेल केले, बँकेला लेखी दिलं की वादातली रक्कम तेवढी धरून ठेवा, बाकी खातं मोकळं करा. तेवढं झालं, पण ती रक्कम सुटायला महिने लागले. फसलेल्याचा पैसा रोखलाच पाहिजे, काकूंच्या वेळी मीच त्यासाठी घाई करत होते. पण माल विकल्याचा कागद समोर ठेवणाऱ्याला इतकं ताटकळत ठेवणं काही बरोबर नाही. तेव्हापासून पावशेराच्या पार्सललाही बिल फाडतो, आणि पगाराचं खातं दुसऱ्या बँकेत आहे.

पुरवठादाराच्या नावाने 'आमचं खातं बदललं' असा मेल आला, तर जुन्या वहीतल्या नंबरावर फोन करूनच पैसे सोडतो. एप्रिल २०२५ पासून एनईएफटी, आरटीजीएस करताना खातेदाराचं नाव आधी दिसतं, ते बरं झालं.

नवरात्र लागलं की पुतणी रोज नेटवर आमचंच नाव शोधते. गेल्या वेळी एक बनावट पान तिला ऑर्डरी लागायच्या आधीच सापडलं. सुट्या डब्यांना आता ॲडव्हान्स घेत नाही, डबा पोहोचल्यावर पैसे. थोडे बुडतात. माई म्हणतात, चिवडा खाऊन बुडवणारा निदान चवीचा तरी असतो. मोठ्या ऑर्डरीला निम्मे आधी, तेही बिलावर छापलेल्या एकाच खात्यावर.