रिपोर्टवर ‘अ‍ॅथलीट्स हार्ट’ लिहिलंय? आधी आठवड्याचे तास मोजा

हौशी धावपटूंच्या टूडी एकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, रिपोर्टखाली कधी कधी एक ओळ असते: ‘भिंत किंचित जाड, बहुधा अ‍ॅथलीट्स हार्ट.’ म्हणजे हृदयाची भिंत सरावाने जाड झाली असावी. वाचणारा खूश होतो, केलेल्या कष्टांची पावती मिळाली असं त्याला वाटतं. माझं मत स्पष्ट आहे. आठवड्याला तीस-पस्तीस किलोमीटर पळणाऱ्या पंचेचाळिशीतल्या माणसाच्या रिपोर्टवर ही ओळ असेल, तर ती बहुतेक वेळा चुकीची असते. आणि तिच्या भरवशावर राहिल्यामुळे ब्लड प्रेशर तपासायचं राहून जातं. हे असं का, ते समजायला नियमित पळण्याने हृदयात नेमकं काय, कधी आणि किती बदलतं ते बघावं लागेल.

सगळ्यात आधी बदलतं रक्त. पळणं सुरू केल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांतच प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ द्रव, वाढतो, साधारण दहा टक्के किंवा त्याहून थोडा जास्त. लाल पेशी त्या वेगाने वाढत नाहीत, त्यामुळे सीबीसीत हिमोग्लोबिन थोडं उतरलेलं दिसतं आणि लोक परस्पर लोहाच्या गोळ्या सुरू करतात. आधी फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासा. पाळी येणाऱ्या बायकांमध्ये खरी कमतरता असण्याची शक्यता बरीच असते, म्हणून त्यांनी तर ही तपासणी टाळूच नये.

रक्त वाढलं की दर ठोक्याला हृदयात जास्त रक्त परत येतं, आणि डावा खालचा कप्पा, म्हणजे लेफ्ट व्हेंट्रिकल, जास्त भरतो. न पळणाऱ्या माणसाचं हृदय बसल्या जागी एका ठोक्यात साधारण ७० मिलिलिटर रक्त ढकलतं. ७२ ठोक्यांत मिनिटाला पाच लिटर. एका ठोक्यात १०० मिलिलिटर जायला लागले की तेच पाच लिटर ५० ठोक्यांत भागतात. जास्तीत जास्त पल्स मात्र सरावाने वाढत नाही, ती वयाप्रमाणे उतरतच जाते. सराव केलेल्या माणसाची कमाई आहे ती प्रत्येक ठोक्यात.

कप्प्याचा आकार बदलायला मात्र वेळ लागतो. अमेरिकेत डॅलसला बेंजामिन लेव्हिन यांच्या गटाने बारा निरोगी पण व्यायाम न करणाऱ्या तरुणांना वर्षभर मॅरेथॉनच्या दिशेने तयार केलं आणि मधून मधून त्यांचे एमआरआय काढले. हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिले सहा ते नऊ महिने डाव्या कप्प्याचं वजन वाढत गेलं, पण पोकळी जवळपास तेवढीच राहिली. पोकळी मोठी व्हायला लागली ती नऊ महिन्यांनंतर. उजवा कप्पा मात्र सुरुवातीपासूनच वजनाने आणि आकाराने बरोबरीने वाढला. आणि हे सगळं शेवटी आठवड्याला सात-आठ तासांवर गेलेल्या, देखरेखीखालच्या सरावाने. चार महिन्यांच्या ‘काउच टू हाफ मॅरेथॉन’ कार्यक्रमातून एवढ्या मोठ्या बदलाची अपेक्षा धरू नये.

थोड्या सरावाचा फायदा कुठे दिसतो, तर रक्तवाहिन्यांत. लंडन मॅरेथॉन पहिल्यांदाच पळणाऱ्या १३८ जणांचा अभ्यास २०२० मध्ये आला. त्यांचा सराव माफक होता, तरी सुमारे सहा महिन्यांत महाधमनीचा ताठरपणा कमी झाला, जवळपास चार वर्षांनी तरुण झाल्याइतका, आणि ब्लड प्रेशर सरासरी वरचं ४ आणि खालचं ३ अंकांनी उतरलं. जास्त फायदा झाला तो वयाने मोठ्या, हळू पळणाऱ्या आणि मुळात बीपी जास्त असलेल्यांना. सहा तासांत मॅरेथॉन पूर्ण करणाऱ्याला कमी लेखणाऱ्यांनी हा निकाल लक्षात ठेवावा.

हृदय लवचिक ठेवायचं असेल तर वय महत्त्वाचं ठरतं. याच डॅलसच्या गटाने ४५ ते ६४ वयाच्या, व्यायाम न करणाऱ्या माणसांना दोन वर्षं सराव दिला: आठवड्यातून चार-पाच दिवस, त्यात एक तास-सव्वा तासाचं लांब सत्र, एक जोरकस सत्र, दोन-तीन मध्यम सत्रं आणि थोडं वजनांचं काम. जोरकस सत्र म्हणजे फोर बाय फोर: चार मिनिटं जास्तीत जास्त पल्सच्या ९५ टक्क्यांपर्यंत, तीन मिनिटं हळू, असं चार वेळा. सरावाचा कळस असताना हे आठवड्यातून दोनदा, पुढे एकदाच. दोन वर्षांनी व्हीओ-टू मॅक्स, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते माप, १८ टक्क्यांनी वाढला आणि डाव्या कप्प्याचा ताठरपणा स्पष्ट कमी झाला. पासष्टीच्या पुढच्यांना वर्षभर सराव दिला होता तेव्हा दम वाढला, पण ताठरपणा सुटला नव्हता. आयुष्यभराच्या सवयी तपासल्या तेव्हा आठवड्यातून दोन-तीन दिवस पळणाऱ्यांच्या हृदयाची लवचिकता बैठ्या माणसांपेक्षा फारशी वेगळी निघाली नाही. फरक दिसला तो चार-पाच दिवसांपासून पुढे. चाळिशीत असाल तर शनिवार-रविवारच्या दोन लांब धावांपेक्षा आठवड्यात विखुरलेले चार दिवस निवडा.

आता पुन्हा त्या जाड भिंतीकडे. इटलीच्या अँटोनियो पेलिसिया यांनी १९९१ मध्ये ९४७ अव्वल खेळाडूंची मोजमापं मांडली. भिंत १३ मिलिमीटर किंवा जास्त असलेले त्यात सोळा निघाले, म्हणजे १.७ टक्के. त्यातले पंधरा रोइंग-कॅनोइंग करणारे आणि एक सायकलपटू. धावपटू एकही नाही. आणि हे राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय दर्जाचे, आपल्यापेक्षा धिप्पाड लोक. भारतीयांचे कप्पे सरासरीने लहान असतात, हे वेगवेगळ्या देशांतल्या निरोगी माणसांच्या एको मोजमापांत दिसलेलं आहे. मग नोकरी सांभाळून आठवड्याला चार तास पळणाऱ्या, पाच फूट सहा इंच उंचीच्या माणसाची भिंत १३ मिलिमीटर असेल, तर तिचं श्रेय पळण्याला द्यायला माझी तयारी नाही. पहिला संशय बीपीवर घ्यावा.

त्यासाठी घरी दंडावरच्या पट्ट्याचं मशीन घ्या. सात दिवस सकाळी आणि संध्याकाळी, पाच मिनिटं शांत बसून, प्रत्येक वेळी दोन रीडिंग. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. १३५/८५ किंवा त्यावर गेली तर डॉक्टरांकडे जा. पळून आल्यावर लगेच मोजू नका. व्यायामानंतर काही तास बीपी उतरलेलं असतं आणि खोटा दिलासा मिळतो. बरेच लोक सकाळी पळून, आंघोळ करून दवाखान्यात जातात, त्यामुळे ही चूक फार होते.

बीपी ठीक असेल तर पुढचा प्रश्न पोकळीचा. सरावाने भिंत जाड झाली असेल तर पोकळीही मोठी असते, बहुधा ५५ मिलिमीटरच्या आसपास किंवा जास्त, आणि स्नायू सैल होण्याचा वेग, रिपोर्टवरचा ‘ई प्राइम’, चांगला असतो. भिंत जाड, पोकळी ४५ च्या खाली आणि ई प्राइम कमी, असं चित्र हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी या आनुवंशिक आजाराकडे बोट दाखवतं. घरात कुणी कमी वयात अचानक गेलं असेल तर ते न विचारता सांगा. तरीही शंका राहिली तर एमआरआय आणि तीन महिने सराव बंद. सरावाने आलेली जाडी तेवढ्यात उतरते. पोकळी मात्र लवकर आक्रसत नाही: सराव सोडलेल्या अव्वल खेळाडूंपैकी जवळपास पाचातल्या एकाची काही वर्षांनंतरही मोठीच राहिलेली आढळली.

एकोला जाताना मागच्या सहा महिन्यांचे आठवड्याचे सरासरी तास, उंची आणि वजन कागदावर लिहून न्या आणि मोजमापं शरीराच्या आकारमानाप्रमाणे काढायला सांगा. लांब धावेनंतर निदान दोन दिवस जाऊ द्या. एक-दोन मिलिमीटरचा फरक प्रोबच्या कोनानेही पडतो, म्हणून दरवर्षी शक्यतो एकाच ठिकाणी करा. इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे भरलेल्या कप्प्यातलं किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर जातं ते, ५२ दिसलं म्हणून घाबरू नका. मोठा कप्पा विश्रांतीत थोडासाच आकुंचन पावला तरी गरजेपुरतं रक्त जातं. व्यायामात ते वाढतं की नाही, हे स्ट्रेस एकोत, म्हणजे व्यायाम करवून काढलेल्या एकोत, कळतं.

ईसीजीत विश्रांतीची पल्स मिनिटाला ३० पर्यंत, पीआर अंतर (वरच्या कप्प्यांतून खाली संदेश पोचायचा वेळ) २०० ते ४०० मिलिसेकंद, झोपेत अधूनमधून गळलेला ठोका, उंच लाटा, हे सराव केलेल्या आणि लक्षणं नसलेल्या माणसात स्वीकारार्ह मानलं जातं. बाजूच्या लीड्समध्ये उलटी टी लाट, एसटीची घसरण किंवा लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक (डाव्या कप्प्याकडच्या विद्युतमार्गातला अडथळा) कधीच ‘खेळाडूचं आहे’ म्हणून सोडायचं नाही. कमी पल्सचं कारण आता फक्त व्हेगस नर्व्ह, म्हणजे ठोके मंदावणारी नस, धरत नाहीत. मँचेस्टरच्या संशोधकांनी २०१४ मध्ये प्राण्यांवर दाखवलं की सरावाने सायनस नोड या हृदयाच्या नैसर्गिक पेसमेकरमधल्या, ठोका सुरू करणाऱ्या आयन चॅनल्सचीच संख्या घटते.

खरी काळजी करायची असेल तर ती एट्रियल फिब्रिलेशनची, म्हणजे वरचे कप्पे बेताल थरथरण्याची, आणि विशेषतः वर्षानुवर्षं जोरात सराव करणाऱ्या पुरुषांनी. स्वीडनमध्ये वासालोपेट या ९० किलोमीटरच्या स्की शर्यतीच्या ५२,७५५ स्पर्धकांची नोंद तपासली गेली. पाच किंवा जास्त वेळा शर्यत पूर्ण केलेल्यांमध्ये याचं प्रमाण एकदाच केलेल्यांपेक्षा सुमारे २९ टक्के जास्त होतं, आणि वेगवान स्पर्धकांतही जास्त. स्त्रियांमध्ये उलट चित्र आहे, स्कीअर बायकांना धोका कमी दिसला. डावा वरचा कप्पा वर्षानुवर्षं ताणला जातो आणि विश्रांतीत व्हेगसचा जोर असतो, त्यामुळे झटका बहुधा रात्री किंवा जेवणानंतर येतो, पळताना नाही. दारू आणि घोरण्याचा आजार यात भर घालतात. सराव कमी करणं हा उपचाराचा भाग असतो. रक्त पातळ करणारं औषध लागेल की नाही, हे मात्र किती पळता यावर न ठरवता वय, बीपी आणि मधुमेह बघून ठरतं.

घड्याळात पल्स अचानक १८० दिसली म्हणजे लगेच हृदयाचा दोष नव्हे. मनगटावरचा सेन्सर पुष्कळदा पावलांची गती पल्स म्हणून मोजतो, आणि ती मिनिटाला १७०-१८० असतेच. छातीचा पट्टा कोरडा असेल तर पहिल्या दहा मिनिटांत असेच वेडेवाकडे आकडे येतात. इलेक्ट्रोड ओले करून बांधा. शंका आली तर पळणं थांबवा, मानेवर दोन बोटं ठेवून पंधरा सेकंद मोजा. चालायला लागल्यावर आकडा पावलांबरोबर उतरला तर दोष सेन्सरचा. बोटांना ठोके खरोखर वेगवान किंवा बेताल लागत असतील, आणि थांबल्यावरही मिनिटभरात हळूहळू न उतरता तसेच राहिले किंवा बटण दाबल्यासारखे एकदम बंद झाले, तर ते खरं आहे. घड्याळात ईसीजी असेल तर त्याच क्षणी तीस सेकंदांची पट्टी घेऊन ठेवा. दवाखान्यात पोचेपर्यंत बहुतेक वेळा ठोका नियमित झालेला असतो, आणि ती पट्टीच तेवढा पुरावा उरते. चक्कर, छातीत दुखणं किंवा शुद्ध हरपणं असेल तर पट्टीसाठी थांबू नका, सरळ इमर्जन्सीत जा.

कॅल्शियम स्कोअरने, म्हणजे सीटी स्कॅनवर मोजलेल्या हृदयाच्या धमन्यांतल्या कॅल्शियमच्या आकड्याने, पळणारे लोक हादरतात. भरपूर सराव करणाऱ्या मध्यमवयीन पुरुषांच्या कॉरोनरी धमन्यांत कॅल्शियम जास्त आढळतं, हे वेगवेगळ्या अभ्यासांत दिसलेलं आहे. डॅलसच्याच कूपर सेंटरच्या २१,७५८ पुरुषांच्या नोंदीत मात्र सगळ्यात जास्त व्यायाम करणाऱ्यांमध्ये मृत्यूंचं प्रमाण वाढलेलं नव्हतं. पण ‘मी पळतो, मला लागू नाही’ असं म्हणून एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १६० वर ठेवणं मला अजिबात पटत नाही. दक्षिण आशियाई लोकांना कॉरोनरी आजार लवकर गाठतो, आणि कोलेस्टेरॉलवरचा उपचार किलोमीटर वाढवून होत नाही.

अल्ट्रा, म्हणजे मॅरेथॉनपेक्षा लांब शर्यती, करणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. मुंबई-पुण्याहून बरेच जण दक्षिण आफ्रिकेतल्या सुमारे ९० किलोमीटरच्या कॉम्रेड्स शर्यतीला जातात. तीन ते अकरा तासांच्या शर्यतींनंतर चाळीस खेळाडू तपासले तेव्हा डावा कप्पा बराचसा ठीक होता, पण उजवा थकलेला होता, आणि शर्यत जितकी लांब तितका जास्त. बहुतेकांमध्ये तो आठवड्याभरात सावरला. म्हणून कॉम्रेड्ससारख्या शर्यतीनंतर पहिला आठवडा फक्त चाला. पायांना बरं वाटतंय म्हणून तिसऱ्या दिवशी टेम्पो रन, म्हणजे वेगाची सलग धाव, करू नका.

आणि पावसाळ्यातला ताप. डेंग्यू किंवा साध्या फ्लूमध्येही हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते, आणि सुजलेल्या स्नायूवर जोर टाकला की ठोक्यांचा धोकादायक बिघाड, म्हणजे अ‍ॅरिदमिया होऊ शकतो. ताप, अंगदुखी, छातीत जडपणा असेल तर जानेवारीची मुंबई मॅरेथॉन कितीही जवळ आली असली तरी पळणं बंद. ताप गेल्यावर सकाळची पल्स अंथरुणात पडल्या पडल्याच मोजा; ती नेहमीच्या सरासरीपेक्षा दहा ठोक्यांनी वर असेल तोवर फक्त चालणं. पल्स खाली आली की वीस मिनिटांच्या हळू धावेपासून सुरुवात करा. त्यात दम लागला, छातीत दुखलं किंवा धडधड झाली तर ईसीजी, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूची इजा दाखवणारी रक्ततपासणी) आणि एको करून घ्या. मायोकार्डायटिस, म्हणजे हीच स्नायूची सूज, निघाला तर साधारण तीन ते सहा महिने सराव बंद ठेवावा लागतो, आणि पुन्हा सुरू करण्याआधी होल्टर (अंगावर लावलेल्या यंत्राने दिवसभराचा ईसीजी) आणि स्ट्रेस टेस्ट.