क्रूगरमध्ये आपलीच गाडी, आपलाच वेग

ऑगस्टमध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानातल्या स्कुकुझा या मुक्कामाच्या कॅम्पचं फाटक सकाळी ६ ला उघडतं आणि संध्याकाळी ६ ला बंद होतं. मधले बारा तास तुमचे. भाड्याची साधी गाडी, कॅम्पच्या दुकानातला नकाशा, दुर्बीण आणि थर्मासमध्ये चहा, एवढ्यावर निघता येतं. गाड्याही आपल्यासारख्याच डावीकडून चालतात. ताडोब्याला जिप्सी, गाईड आणि सफारीची बांधलेली वेळ यांची सवय झालेल्या आम्हाला हे स्वातंत्र्य पहिल्या अर्ध्या तासात झेपेचना. कुठे वळायचं, किती थांबायचं, सगळं आपणच ठरवायचं!

नवरा गाडी चालवत होता, मी नकाशा धरून शेजारी, आणि मागच्या सीटवर दोन्हीकडच्या खिडक्या सांभाळायला आई. आम्ही निवडला लोअर साबी कॅम्पकडे जाणारा रस्ता, नकाशावरचा एच४-१. सुमारे ४५ किलोमीटर, जवळपास सगळा साबी नदीच्या काठाने. डांबरी रस्त्यावर वेगाची मर्यादा ताशी ५०, मातीच्या रस्त्यावर ४०. पण खरं काही बघायचं असेल तर पंचविसाच्या पुढे जाऊच नये. ऑगस्ट म्हणजे इथला हिवाळा, तो कोरडा असतो, गवत वाळून बसलेलं असतं, झुडपं विरळ होतात आणि जनावरं पाण्याकडे येतात.

नदीकाठी जॅकलबेरीची प्रचंड झाडं आहेत. ती आपल्या टेंभुर्णीच्याच कुळातली. आई चंद्रपूरची, तिला हे सांगितल्यावर तिने गाडी थांबवायलाच लावली. "अगं, एवढी मोठी टेंभुर्णी मी जन्मात नाही पाहिली," म्हणाली आणि बराच वेळ नुसतं झाडच बघत राहिली. फांद्यांवर बबूनचं अख्खं कुटुंब बसलं होतं, ते तिला नंतर दिसलं.

थोडं पुढे इम्पाला हरणांचा कळप होता. क्रूगरमध्ये इम्पाला इतके दिसतात की दुपारपर्यंत लोक त्यांच्यासाठी ब्रेकवर पायही ठेवत नाहीत. मला हे पटत नाही. या कळपातल्या सगळ्या माना नदीकडे वळलेल्या होत्या आणि मधूनच एखादा नर नाकातून जोरात फुसकारत होता. आम्ही इंजिन बंद केलं. काठावरच्या लव्हाळ्यात काय होतं ते शेवटपर्यंत दिसलं नाही. हळूहळू एकेक मान खाली गेली, चरणं सुरू झालं, आणि जे काही होतं ते निघून गेल्याचं आम्हाला त्यांच्याकडूनच कळलं. गाईड सोबत असता तर एवढा वेळ इम्पालांपाशी आम्हाला कोणी बसू दिलं नसतं.

न्कुहलूच्या पिकनिकच्या जागी गाडीतून उतरता येतं. एरवी आखून दिलेल्या जागा सोडून उतरायचं नाही, खिडकीबाहेर हातही काढायचा नाही. इथे गॅसची शेगडी भाड्याने मिळते. आम्ही कांदेपोहे केले. व्हर्वेट माकडं टेबलाच्या कडेपर्यंत येतात, त्यामुळे एकाने खायचं, एकाने राखण करायची.

पुढच्या वळणावर हत्ती. आधी एकच मादी, मग तिच्यामागे झाडीतून येतच राहिल्या. पायांत घुटमळणारी पिल्लं, मधल्या वयाची नाठाळ पोरं. नवऱ्याने बऱ्याच अंतरावर गाडी थांबवली आणि मागे सरकायला जागा मोकळी ठेवली. पिल्लू आणि आई यांच्या मधे गाडी कधीही घालू नये, हे स्वतः गाडी नेणाऱ्याने पक्कं ध्यानात ठेवावं. पुढच्या मादीने कान पसरून आमच्याकडे रोखून पाहिलं. आम्ही थोडं मागे आलो. तिने कान मिटले, आणि ती रस्त्यात उभी राहिली ती सगळ्यात छोटं पिल्लू पलीकडे पोचेपर्यंत. आईने नकळत हात जोडले होते.

इथले प्राणी कायमच असे निर्धास्त नव्हते. बेसुमार शिकारीने हा मुलूख रिकामा होत चालला म्हणून १८९८ साली साबी अभयारण्य जाहीर झालं. १९०२ मध्ये जेम्स स्टीव्हन्सन-हॅमिल्टन वॉर्डन म्हणून आले, १९२६ मध्ये क्रूगर राष्ट्रीय उद्यान झालं आणि पुढच्याच वर्षी पहिले पर्यटक मोटारीने आत आले. आज हे जंगल सुमारे १९,५०० चौरस किलोमीटरचं आहे, आपल्या चंद्रपूर जिल्ह्याच्या दीडपटीहून मोठं. त्यासाठी माणसांनाही हलवलं गेलं. उत्तरेकडच्या माकुलेके लोकांना १९६९ मध्ये जबरदस्तीने काढलं, त्यांची जमीन १९९८ मध्ये परत मिळाली. जंगलाच्या प्रेमात पडताना हेही माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

लोअर साबीजवळचं सनसेट डॅम हे रस्त्याला अगदी लागून असलेलं तळं. दुपार आम्ही तिथेच घालवली. पाणघोड्याच्या पाठीवर उभा राहून राखी बगळा मासे टिपत होता. मगरी काठावर पडून होत्या, आणि वाळलेल्या झाडावर सुगरणीच्या भाऊबंदांची घरटी लटकली होती. शेजारची गाडी सिंहाची बातमी कळताच निघून गेली. आम्ही हललो नाही.

कॅम्पमध्ये एक नकाशाफलक असतो. कुठे काय दिसलं ते लोक रंगीत चुंबकांनी त्यावर दाखवतात. गेंडा मात्र त्यावर दाखवत नाहीत, शिकाऱ्यांना ठिकाण कळू नये म्हणून. तुम्हाला दिसला, तर फोटोसोबत जागा टाकू नका.

परतीसाठी वेळ सढळ हाताने राखा. फाटक चुकलं तर दंड होतो, आणि वाटेत हत्ती आडवे आले तर घाई करता येत नाही. आम्ही साडेतीनलाच निघालो. पहिल्यांदा जाणार असाल तर एका दिवसात एवढा एकच रस्ता पुरे, इथल्याच सतारा नावाच्या कॅम्पकडचं दुसऱ्या दिवशी बघा.