लेझर घेऊ का जीपीएस? विचारलंत म्हणून सांगतो

क्लबात कोणी नवीन गोल्फ खेळायला लागलं की पहिले सहा महिने स्विंगबद्दल विचारतं आणि सातव्या महिन्यात हमखास माझ्याकडे येतं, काका, अंतर मोजायला लेझर घेऊ का जीपीएसचं घड्याळ, भाचा अमेरिकेतून येतोय, येताना आणेल, पटकन सांगा. माझ्याकडेच का, तर माझ्या बॅगेत दोन्ही आहेत आणि दोन्ही घेऊनसुद्धा माझा हँडिकॅप (ठरलेल्यापेक्षा साधारण किती शॉट जास्त लागतात तो आकडा, कमी तेवढा चांगला) १९ चा जेमतेम १८ झालाय, त्यामुळे लोकांना वाटतं हा माणूस खरं बोलेल. मागच्या रविवारी चहा पिताना चौथ्यांदा तेच सांगत बसलो, म्हटलं आता एकदाच लिहून टाकू.

ज्यांना गोल्फशी काही देणंघेणं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बॉल जिथे पडलाय तिथून झेंडा (ग्रीन नावाच्या बारीक गवतातल्या भोकात रोवलेला असतो) किती लांब आहे त्यावर कुठली काठी घ्यायची ते ठरतं, सात नंबर, आठ नंबर वगैरे, नंबर जितका कमी तितका बॉल लांब जातो, आणि साधारण दर दहा यार्डांना नंबर बदलतो. पूर्वी हे अंतर कॅडी, म्हणजे बॅग उचलणारा मदतनीस, सांगायचा किंवा फेअरवेच्या (मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) कडेला १००, १५०, २०० च्या खुणा असतात त्या बघून आपण पावलं मोजायचो. आता त्यासाठी यंत्रं आलीत. लेझर म्हणजे छोट्या दुर्बिणीसारखं असतं, डोळ्याला लावायचं, झेंड्यावर रोखायचं, बटण दाबायचं. जीपीएस म्हणजे मनगटावरचं घड्याळ किंवा मोबाईलमधलं ॲप, नुसतं बघायचं.

मी आधी लेझर घेतला. खरं सांगायचं तर नादच तो. सहापट झूममधून झेंडा एवढा जवळ दिसतो आणि त्यावर लॉक झाला की हातात यंत्र थरथरतं, ते पहिल्यांदा झालं तेव्हा मी होलवरच्या चारही जणांना एकेक करून हातात देऊन दाखवलं आणि मागचा फोरबॉल, म्हणजे मागून येणारे चौघे, खोळंबला. आत काय चालतं तर लेझरचा प्रकाश झेंड्यावर आपटून परत येतो आणि किती वेळात आला त्यावरून अंतर काढतात. १५० यार्ड जाऊन यायला प्रकाशाला एक मायक्रोसेकंदसुद्धा लागत नाही, आणि एका यार्डाचा फरक ओळखायचा तर सहा नॅनोसेकंदांचा हिशोब ठेवावा लागतो. आणि हे सगळं कशासाठी, तर आपण तो बॉल डावीकडे झाडीत मारावा म्हणून.

पण लेझरला हात स्थिर लागतो, हे दुकानात कोणी सांगत नाही. पंचवीस-तिशीतल्या पोरांना काही वाटत नाही, पण पन्नाशीनंतर, सकाळी साडेसहाला, दोन कप कॉफी पिऊन, १८० यार्डांवरच्या काडीएवढ्या दांडीवर दुर्बिणीतला ठिपका टिकवून ठेवणं हे सोपं काम नाही. दोन्ही कोपर पोटाशी टेकवायचे, श्वास रोखायचा आणि दोनदा मोजायचं. दोनदा का, तर माझ्या दुसऱ्याच आठवड्यात लेझर म्हणाला १७८, मी पाच नंबर काढली, आयुष्यातला सगळ्यात सुंदर शॉट मारला, बॉल ग्रीनच्या पार वरून पलीकडे झुडपात. लेझरने झेंडा पकडलाच नव्हता, मागचं गुलमोहराचं झाड पकडलं होतं. झेंडा होता १६० वर. बऱ्याच कोर्सवर झेंड्याच्या टोकाला प्रकाश परत फेकणारं प्रिझम बसवलेलं असतं, त्याने काम सोपं होतं, आमच्याकडे ते दोनच होलवर शिल्लक आहे. धुक्यात आणि पावसात तर लेझरचं काही खरं नाही, समोरच्या धुक्यालाच झेंडा समजतो. आणि डॉगलेग असेल, म्हणजे होल मध्येच वळत असेल आणि ग्रीन दिसतच नसेल, तर हातातली दुर्बीण झाडावरचे पोपट बघायला वापरायची.

आता ज्या होलमुळे माझं मत बदललं तो सांगतो. पार थ्री, म्हणजे तीन शॉटमध्ये संपायला हवा असा होल, झेंडा ग्रीनच्या अगदी पुढच्या बाजूला, त्याच्यासमोर खोल बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा. मंथली मेडल, म्हणजे क्लबची महिन्याची स्पर्धा, होती आणि पहिल्या अकरा होलना मी माझ्या मानाने भलताच चांगला खेळत होतो. लेझर मारला, १४२. परत मारला, १४२. माझा आठ नंबर १४२ जातो हे मला पक्कं माहीत होतं, कारण एकदा गेला होता. आमचे कॅडी, ज्यांना सगळा क्लब मामा म्हणतो, ते म्हणाले, "सर, सात घ्या. आठ पोचत नाही तुमचा." मी म्हटलं, "मामा, एकशे बेचाळीस आहे, दोनदा बघितलंय." मामा काही बोलले नाहीत, आठ नंबर काढून हातात दिली. मी मारला, लागला पण बरा, आणि बॉल अजून वरच होता, खाली यायलाच लागला होता, तेवढ्यात मामा बंकरच्या दिशेने चालायला लागले, तिथलं दाताळं उचलायला. बंकरमधून निघायला तीन शॉट लागले. कार्डावर सात.

चहाच्या वेळी बरोबरच्याने त्याचं घड्याळ दाखवलं, त्यात त्या होलचे तीन आकडे होते, ग्रीनची पुढची कड १३४, मधोमध १४९, मागची कड १६३. मी ते तीन आकडे टिश्यू पेपरवर लिहून बराच वेळ बघत बसलो. आठ नंबर माझा नेहमी १३३ च्या आसपास जातो, म्हणजे तो नेहमीसारखा गेला असता तरी बंकरच. सात नंबर नेहमीसारखा गेला तर १४४, जरा हुकला तर १३६, एकदम झकास लागला तर १५२. म्हणजे सात मारला असता तर तिन्ही वेळा बॉल ग्रीनवर. लेझरने मला खोटं काहीच सांगितलं नव्हतं, झेंडा खरंच १४२ वर होता. पण झेंडा कुठे आहे हे कळून मला काय करायचं होतं, मी काय झेंड्याला बॉल मारू शकतो का? मला हवं होतं की ग्रीन कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं.

म्हणून पंधरा-सोळाच्या वर हँडिकॅप असलेल्या कोणीही विचारलं की मी डोळे मिटून सांगतो, जीपीएस घ्या. मधला आकडा बघा, त्याला पुरेल अशी काठी घ्या, झेंडा कुठे का असेना. आपल्यासारखे लोक दहातले आठ वेळा ग्रीनच्या अलीकडेच पडतात, पलीकडे क्वचित, हे मी आमच्या फोरबॉलमध्ये इतकी वर्षं बघतोय आणि त्यात झेंड्याचा अचूक आकडा मिळाला की माणूस अजून कमी अंतराची काठी घेतो. लेझर वाईट नाही हो, पण तो हातात आला की आपल्याला उगाचच आपण प्रो आहोत असं वाटायला लागतं.

जीपीएसचे पण नखरे आहेत, ते लपवत नाही. मुळात जीपीएसला झेंडा दिसतच नाही. वीस हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांवरून त्याला एवढंच कळतं की तुम्ही कुठे उभे आहात, तेही तीन-चार मीटर इकडेतिकडे धरून, बाकी सगळं कोणीतरी आधी काढून ठेवलेल्या नकाशातलं. माळीबुवा रोज सकाळी झेंडा हलवतात, घड्याळाला त्याचा पत्ता नसतो. मोठं ग्रीन तीस यार्ड खोल असू शकतं, म्हणजे झेंडा अगदी पुढे आणि अगदी मागे यात तीन काठ्यांचा फरक. आमच्या इथे एक ग्रीन खोदून नवीन केलं, थोडं मागे सरकवलं, घड्याळ पुढचं वर्षभर जुनंच ग्रीन दाखवत होतं. पावसाळ्यात टेम्पररी ग्रीन केलं की तेच. आणि दोन फेअरवे शेजारी शेजारी असतील आणि तुमचा बॉल शेजारच्या होलमध्ये गेला असेल (माझा जातो) तर घड्याळाला वाटतं तुम्ही तोच होल खेळताय, मग ते बटणं दाबून परत आणायचं. पण आंधळा शॉट असो, वळणापर्यंत किती, पाण्यापलीकडे जायला किती, हे सगळं झाडीत उभं राहूनसुद्धा कळतं आणि खेळ थांबत नाही, चालता चालता मनगट बघितलं की झालं.

स्लोपबद्दल पण सगळे विचारतात. स्लोपवाला लेझर चढ-उतार धरून सांगतो, अंतर १५० आहे पण १६० समजून मारा. पुण्यात ऑक्सफर्डसारख्या डोंगरावरच्या कोर्सवर त्याची मजा आहे, तिथे डोळा हमखास फसतो. ढोबळ हिशोब असा की ग्रीन जेवढे यार्ड उंच तेवढे यार्ड वाढवा. सपाट कोर्सवर खेळत असाल तर त्याचे जास्तीचे पैसे कशाला. आणि कॉम्पिटिशनमध्ये स्लोप बंद ठेवायचा बरं का. २०१९ च्या नियमांनी अंतर मोजायची यंत्रं सरसकट चालतील असं केलं, कमिटीने बंदी घातली नसेल तर, त्याआधी उलटं होतं, परवानगीचा लोकल रूल असला तरच चालायची. पण चढ-उतार किंवा वारा यंत्राने मोजायला मनाई आहे, पहिल्यांदा सापडलात तर स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण शॉट मोजतात त्या प्रकारात) दोन शॉटची पेनल्टी, दुसऱ्यांदा सरळ बाद. लेझर घेणार असाल तर स्लोप बंद केल्याचं बाहेरून दिसेल असं बटण असलेला घ्या, म्हणजे बरोबरचे संशयाने बघत नाहीत.

कोणीतरी म्हणेल की प्रो लोक लेझरच वापरतात ना. २०२१ साली कायवा आयलंडला पीजीए चॅम्पियनशिप झाली, पुरुषांच्या मेजरमध्ये, म्हणजे सगळ्यात मोठ्या स्पर्धांमध्ये, पहिल्यांदाच तिथे ही यंत्रं चालू दिली, जिंकला कोण तर ५० वर्षांचा फिल मिकलसन. पण तिथेही कॅड्यांच्या हातातली यार्डेज बुकं, म्हणजे अंतरांच्या वह्या, काही सुटली नव्हती, कारण पुढची कड किती, बंकर ओलांडायला किती, हे त्यांनाही लागतंच. आणि ते लोक १४२ म्हटल्यावर १४२ मारतात, हा एक किरकोळ फरक आहे.

यंत्रापेक्षा जास्त फरक मला एका तासाने पडला. सिम्युलेटरवर जाऊन प्रत्येक काठीने वीस-वीस बॉल मारले, आणि सगळ्यात लांबचा नाही तर सरासरी लिहून घेतली, तीही बॉल हवेतून जिथे पडतो तिथपर्यंतची, घरंगळत जातो ती नाही. माझा सात नंबर १५५ जातो असं मी लोकांना पाच वर्षं सांगत होतो. सरासरी आली १४४. बायकोला सांगितलं तर म्हणाली मग त्यात काय झालं, आता तिला काय सांगणार. शिवाय पुण्यात जेवढा जातो तेवढा खाली मुंबईत जात नाही, आपण साडेपाचशे मीटर उंचीवर आहोत, हवा विरळ आहे, चेंबूरला प्रेसिडेन्सीवर खेळायला गेलात तर दीडशेला तीन-चार यार्ड कमी धरा. समोरून वारा असेल तर अजून. मामा हे सगळं गवताची दोन पाती हवेत सोडून सांगतात.

मामांवरून आठवलं, दोन-तीन जणांनी विचारलं की यंत्र घेतलं तर कॅडीला वाईट वाटेल का. आमच्या मामांनी पहिल्या दिवशी लेझर हातात घेऊन सगळ्या खुणा तपासल्या. पाण्याच्या स्प्रिंकलरपासून १३०, तुटक्या बाकापासून १६५, त्यांच्या डोक्यातले आकडे दोन-तीन यार्डांच्या पलीकडे कुठे चुकले नाहीत. मग लेझर पुसून परत दिला आणि म्हणाले, "बरोबर आहे तुमचं मशीन."

पैशाचं म्हणाल तर आधी फुकटात सुरू करा. मोबाईलवर एटीनबर्डीज किंवा होल नाइनटीनसारखं ॲप टाका, महिनाभर खेळा, आपला कोर्स त्यात नीट आहे का ते कळेल, फोनची बॅटरी खातं एवढंच. आवडलं तर घड्याळ घ्या, ते आदल्या रात्री चार्जिंगला लावायला विसरू नका, मी विसरतो. हँडिकॅप दहाच्या खाली असेल, किंवा रेंजवर सराव करताना कुठली पाटी नेमकी किती लांब ते हवं असेल, तर लेझर घ्या, अगदी जरूर घ्या. ऑनलाइन दहा-बारा हजारात बिननावाचे मिळतात ते अंतर बरोबर दाखवतात, पण झेंडा सोडून मागचं झाड पकडायचं प्रमाण त्यांच्यात जास्त, असा माझा तरी अनुभव आहे. जमलं तर यूएसबीवर चार्ज होणारा बघा, कारण जुन्या पद्धतीच्या लेझरला सीआर-टू नावाची ठेंगणी बॅटरी लागते, ती कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही, कॅमेऱ्याच्या दुकानात जावं लागतं, आणि ती नेमकी तिसऱ्या होलवर संपते.

तरीही ठरत नसेल तर शनिवारी या, आमचा टी टाइम, म्हणजे खेळ सुरू करायची वेळ, साडेसहाचा आहे. पहिले नऊ होल माझा लेझर वापरा, पुढचे नऊ घड्याळ. फक्त येताना एक सीआर-टू घेऊन या, माझी परवाच संपलीये.