फोनो प्री निवडताना केलेला हिशेब

फोनो प्री म्हणजे रेकॉर्ड प्लेअरचा बारीक सिग्नल ॲम्प्लिफायरला पुरेल एवढा मोठा करणारं खोकं. ते कुठल्या कंपनीचं घ्यायचं, हा प्रश्न मी सगळ्यात शेवटी ठेवला. आधी हेडशेल (आर्मच्या टोकाचा सुटा भाग) काढून त्यातल्या कार्ट्रिजवरचा, म्हणजे सुई बसवलेल्या डबीवरचा, नंबर वाचला. माळ्यावरून उतरवलेला जुना सूटकेसवजा प्लेअर असेल तर त्यात बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज निघतं. ते शेकडो मिलिव्होल्ट देतं, त्याला दहा लाख ओहमच्या घरातला लोड (पुढच्या इनपुटचा रेझिस्टन्स) लागतो आणि फोनो प्री लागतच नाही. लावला तर आवाज फाटतो. असा प्लेअर असेल तर खर्च वाचला म्हणायचं. त्या जड सुईखाली चांगली एलपी ठेवायची का, हा वेगळा विषय.

माझ्याकडे ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम९५ई, म्हणजे मूव्हिंग मॅग्नेट (सुईबरोबर चुंबक हलणाऱ्या) जातीचं कार्ट्रिज. कंपनी त्याचे आकडे देते: आउटपुट ४ मिलिव्होल्ट, लोड ४७ किलोओहम, कपॅसिटन्स (केबल आणि इनपुट मिळून धरून ठेवतात तो विजेचा साठा) १०० ते २०० पिकोफॅरड, इंडक्टन्स (कॉइलचा बदलत्या करंटला होणारा विरोध) ५५० मिलिहेन्री. हे चार आकडे कागदावर लिहिले की निम्मी खोकी आपोआप बाद होतात.

गेनचा, म्हणजे सिग्नल किती पट वाढवायचा याचा, हिशेब सोपा. ४० डेसिबल म्हणजे १०० पट. ४ मिलिव्होल्टचे ४०० मिलिव्होल्ट होतात आणि ॲम्प्लिफायरच्या लाइन इनपुटला तेवढे पुरतात. सीडी प्लेअर २ व्होल्टपर्यंत देतो, म्हणून रेकॉर्डला नॉब थोडा जास्त फिरवावा लागतो. त्यात बिघाड काही नाही. डेनॉनच्या डीएल-१०३ सारख्या ०.३ मिलिव्होल्टच्या मूव्हिंग कॉइल (चुंबकाऐवजी कॉइल हलणाऱ्या) कार्ट्रिजला ६० डेसिबल, म्हणजे १००० पट लागतात. 'गेन जास्त तर आवाज दमदार' असं समजून माझ्यासारख्या कार्ट्रिजला ६० डेसिबल लावले तर काय होतं? तबकडीवरचा जोरकस भाग सहज पाचपट वर जातो: २० मिलिव्होल्ट, गुणिले १०००, म्हणजे २० व्होल्ट. आतला पुरवठा ९ किंवा १२ व्होल्टचा असेल तर तार सप्तकातली तान तिथेच चिरडते. म्हणून गेनच्या शेजारी 'कमाल इनपुट' हा आकडाही पाहिला. ४ मिलिव्होल्टच्या कार्ट्रिजला १ किलोहर्ट्झवर निदान ४० मिलिव्होल्ट सहन करणारं खोकं हवं, ८० असेल तर उत्तम. ओरखड्याची टकटक गाण्याच्याही वर जाते, तिलाही जागा लागते.

मुख्य मेख कपॅसिटन्समध्ये आहे, आणि दुकानात त्याबद्दल कोणी बोलत नाही. कार्ट्रिजची कॉइल आणि केबलचा कपॅसिटन्स मिळून एक रेझोनन्स, म्हणजे एका ठराविक सुराला जादा जोर, तयार होतो. त्याच्या आसपास आवाजाला उंचवटा येतो आणि पुढे तो झपकन उतरतो. मी हेडशेल काढलं, टर्नटेबलची केबल प्रीमधून सोडवली आणि एलसीआर मीटरने (कपॅसिटन्स मोजणाऱ्या मीटरने) प्रत्येक आरसीए पिनची मधली पिन आणि बाहेरची कडी यांच्यात मोजलं. मीटरच्या मोकळ्या वायरी जेवढं दाखवतात तेवढं वजा करायचं. साधं मल्टिमीटर एवढ्या लहान आकड्यांवर भरवशाचं नाही. दीड मीटरची जाडजूड, दिसायला देखणी केबल टोनआर्मच्या तारांसह २४० पिकोफॅरड निघाली. म्हणजे खोकं लावायच्या आधीच मर्यादा ओलांडलेली! त्यात पाहत होतो त्या एका प्रीचं स्वतःचं इनपुट २२० चं. एकूण ४६० धरले तर रेझोनन्स १० किलोहर्ट्झवर येतो. झांजा टोचतात, गायिकेचा 'स' शिट्टीसारखा येतो, आणि त्यावरचा मोकळेपणा गायब. लोक अशा वेळी सुई बदलतात.

मी केबल बदलली. ६० सेंटिमीटरची, कमी कपॅसिटन्सची घेतल्यावर टोनआर्मसकट ९० पिकोफॅरड भरले. १०० च्या इनपुटशी बेरीज १९०, रेझोनन्स साडेपंधरा किलोहर्ट्झच्या आसपास. त्यामुळे शोध एवढाच उरला: इनपुट कपॅसिटन्स १०० किंवा त्याहून कमी, नाहीतर तो बदलण्याचा स्विच. आर्टच्या डीजे प्री टू वर १०० आणि २०० असा स्विच असतो. आयफायच्या झेन फोनोवर ३६, ४८, ६० आणि ७२ डेसिबल अशा पायऱ्या आहेत. पुढेमागे मूव्हिंग कॉइलकडे जाणाऱ्याला त्या उपयोगी. ज्या कंपन्या हा इनपुटचा आकडाच छापत नाहीत, त्यांचं खोकं मी यादीतून काढलं.

आता आपल्या भागातली खरी डोकेदुखी: घूं आवाज. तबकडी कापताना बास दाबलेला आणि ट्रेबल चढवलेला असतो. प्री ते उलटं करतो. हाच आरआयएए कर्व्ह. १ किलोहर्ट्झच्या तुलनेत ५० हर्ट्झला तो जवळपास १७ डेसिबल, म्हणजे सातपट जास्त गेन देतो. ४० डेसिबलचं खोकं विजेच्या ५० हर्ट्झसाठी ७०० पटींचं असतं. म्हणून सीडीला कधीच न जाणवलेलं वाईट अर्थिंग रेकॉर्ड लावल्याबरोबर ओरडतं.

नांदेडची काळी माती ओली असताना अर्थिंगला चांगली. मार्च उलटला की तिला भेगा पडतात, माती रॉडपासून सुटते, रेझिस्टन्स चढतो. पावसाळ्यात शांत असलेली सिस्टीम एप्रिलमध्ये घुंघुं करायला लागली तर प्रीला दोष देण्याआधी अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतून पाहा. घूं घालवायला प्लगची मोठी पिन कापणारे महाभाग आहेत. असं कधीही करू नका. ॲम्प्लिफायरच्या पत्र्यात करंट उतरला तर तो तुमच्या हातातून जाईल.

व्होल्टेजचाही विचार करावा लागला. संध्याकाळी १८० वर उतरणाऱ्या लाइनवर १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर साधारण साडेनऊ व्होल्ट देतो. डायोडनंतर कागदावर १२ च्या आतच उरतात. आतल्या १२ व्होल्टच्या रेग्युलेटरला मात्र १४ तरी लागतात. मग रिपल (पुरवठ्यातला चढउतार) सरळ पुढे जातो आणि १०० हर्ट्झची चरचर येते. शौकीन मंडळी अशाच ट्रान्सफॉर्मरवाल्या लिनिअर पुरवठ्याची शिफारस करतात आणि २३० स्थिर असेल तिथे ती बरोबरच आहे. मी मात्र १०० ते २४० व्होल्ट चालणारा ॲडाप्टर आणि खोक्याच्या आत पुन्हा रेग्युलेशन अशी रचना निवडली. स्टॅबिलायझरमधला रिले टक् करतो तेव्हा स्पीकरमध्येही टक् येतं. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर तर रेकॉर्ड लावूच नये.

जोडल्यावर तपासणी अशी केली. व्हॉल्यूम रोजच्या खुणेवर, सुई वर. आधी ॲम्प्लिफायरला काहीच न जोडता ऐकलं. मग फक्त प्री, त्याच्या इनपुटला शॉर्ट केलेल्या आरसीए पिना लावून. इथे घूं आलं तर दोष प्रीत, त्याच्या पुरवठ्यात किंवा ॲम्प्लिफायरकडे जाणाऱ्या केबलमध्ये. नंतर टर्नटेबलची केबल, मग अर्थची बारीक हिरवी वायर. ती प्रीच्या स्क्रूला घट्ट हवी. शेवटी मोटर सुरू करून आर्म हळूहळू तबकडीवर नेला. आर्म आत जाताना घूं वाढत असेल तर कार्ट्रिज जवळच्या ट्रान्सफॉर्मरचं किंवा मोटरचं चुंबकीय क्षेत्र पकडतंय. अर्थची वायर बदलून ते जाणार नाही. मी प्री ॲम्प्लिफायरवर ठेवला होता. तो बाजूला दीड फूट सरकवल्यावर घूं निम्म्याहून खाली आलं.

टर्नटेबलच्या मागे फोनो आणि लाइन असा स्विच असेल तर बाहेरचा प्री लावताना तो फोनोवरच हवा. लाइनवर राहिला तर दोन प्री एकापुढे एक लागतात, कर्व्ह दोनदा लागतो, बास ढोलासारखा येतो आणि आवाज फाटतो. ही चूक सगळ्यात जास्त होते, आणि दुकानदारही तिच्यापायी चांगला प्री परत घेऊन बसतो.

पत्र्याच्या घरात किंवा गच्चीखालच्या खोलीत उन्हाळे काढलेल्या तबकड्या वाकतात. वाक ऐकू येत नाही, पण वूफरचा पडदा आत-बाहेर हलताना दिसतो. भोक असलेल्या कॅबिनेटच्या स्पीकरला हे फार त्रासाचं. म्हणून २० हर्ट्झच्या आसपास खालचे सूर कापणारा सबसॉनिक फिल्टर मागून घेतला, आणि तो बंद करता येईल असा.

मोनो बटणही उपयोगाचं ठरलं. जुन्या भावगीतांच्या, कव्वालीच्या तबकड्या बहुतेक मोनो. दोन्ही चॅनेल एकत्र केले की सुईच्या उभ्या हालचालीची खरखर बरीच जाते. बटण नसेल तर प्रीचे दोन आउटपुट सरळ एकमेकांना जोडू नयेत. प्रत्येकात १ किलोओहमचा रेझिस्टर घालून मग जोडावेत. असे इलेक्ट्रॉनिक पार्ट घ्यायला नांदेडकरांना पुण्याच्या पासोड्या विठोबाजवळच्या बाजारापेक्षा हैदराबादचा कोठीचा बाजार जवळ.

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या लाखेच्या तबकड्यांना मात्र हे खोकं अपुरं पडतं. त्यांना जाड, ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई लागते. शिवाय बऱ्याच तबकड्या आरआयएएच्या आधीच्या. त्यांत ट्रेबल एवढा चढवलेला नसतो, आणि आपला प्री १० किलोहर्ट्झला जवळपास १४ डेसिबल कापून टाकतो. नाट्यपद घोंगडीआडून आल्यासारखं ऐकू येतं. तेवढ्यापुरता ॲम्प्लिफायरचा ट्रेबल नॉब वर करून मी चालवून घेतो.